रजईतला फ्रीज

असंआहेकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. त्यांचं प्रत्येक बोलणं ‘त्याचं असं आहे’ इथून सुरू व्हायचं, म्हणून लोकांनी तेच नाव ठेवलं, आणि काकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मनातून बरंच वाटलं. नळाला पाणी आलं नाही, विचारा काकांना. कोपऱ्यावरच्यांच्या मुलीचं लग्न मोडलं, विचारा काकांना. न विचारलं तरी चालेल, ते सांगणारच. कारण माहीत नाही अशी गोष्ट त्यांच्या लेखी जगात नव्हतीच. आणि असलीच, तर तो कुणाचा तरी हलगर्जीपणा होता.

ही खोड नोकरीतली. पंप बनवणाऱ्या कारखान्यात काका जन्मभर स्टोअरकीपर होते. जाळीची खिडकी, खिडकीला फळी, फळीवर घंटी, आणि आत मांडण्यांच्या रांगेपुढे उंच स्टुलावर काका. तिकडे यंत्र बंद पडलेलं असायचं, फोरमन घामाघूम होऊन धावत यायचा. "बेअरिंग द्या हो लवकर!" काका शांतपणे विचारायचे, "जुनं कुठाय?" जुनं हातात आलं की ते उजेडात फिरवून बघायचे. "हे एवढ्यात कसं झिजलं? त्याचं असं आहे, कारण सापडल्याशिवाय नवं दिलं तर नवंही झिजणार." मग कारणाचा काथ्याकूट. फोरमन दातओठ खायचा, माणसं हातावर हात ठेवून बसायची, आणि बेअरिंग तेलकट कागदात गुंडाळलेलं मांडणीवर सुखाने लोळत असायचं. काका निवृत्त झाले तेव्हा स्टोअरमध्ये कधी नव्हे इतका माल शिल्लक होता, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! निरोपाच्या दिवशी फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं हे एक सोडून बाकी सगळी कारणं काकांनी घरी येऊन सांगितली.

निरोपाला मिळालेलं घड्याळ अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट भिंतीवर आहे, कारण वस्तू झाकून ठेवायची हा काकांचा दुसरा नियम. त्या घरात उघडी वस्तू म्हणून सापडणार नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला पिशवी. सोफ्याला कव्हर, आणि त्या कव्हराचा रंग उडू नये म्हणून वर चादर. पाहुणा आला तरी चादर हलत नाही, पाहुण्याने सावरून बसायचं. प्रवासाच्या बॅगांनाही कव्हरं आहेत, आणि त्या बॅगा कधी प्रवासाला गेलेल्या नाहीत. गाडीचंही तेच. ती धुण्यापुरती उघडी व्हायची आणि धुऊन झाली की पुन्हा आत जायची.

ही सगळी कव्हरं शिवायच्या काकू. काकूंचा हात मोठा सुबक. आई लवकर गेली म्हणून त्यांना मोठ्या बहिणीने, ताईने वाढवलेलं, आणि शिवणही तिनेच शिकवलेलं. पण पुढे काकूंना सांधेदुखीने धरलं. आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं की बोटं वळायची, नाही घेतलं तर सुईही धरवायची नाही. इंजेक्शन नाजूक. दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवा, गोठलं तरी वाया आणि तापलं तरी वाया, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. काकांना हे फार आवडलं. कुठून आमंत्रण आलं की ते हात वर करायचे. "यायला आवडलं असतं हो, पण हिच्या औषधामुळे आम्ही बांधले गेलोय." बांधलं गेलं होतं कोण आणि दोरीचं टोक कुणाच्या हातात होतं, हे गल्लीत सगळ्यांना दिसत होतं.

अशात एका सकाळी ताईचा फोन आला. "छोटे, माझे डोळे चाललेत गं. शिवणयंत्राच्या सुईत दोरा जात नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचा उपयोग नाही, आहे तेवढी नजरही टिकायची नाही. तुझं तोंड दिसतंय तोवर येऊन जा."

ताईचं घर गाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. काकूंनी फोन ठेवला आणि लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, "जाऊया का?" असं न विचारता, "मला जायचंय," असं म्हणाल्या.

काका दचकले. पण आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. औषधांच्या दुकानदाराने सुचवलं की बर्फाची पेटी न्या. काका म्हणाले, "त्याचं असं आहे, बर्फाला इंजेक्शन चिकटलं की गोठलं." आता हे बोलणं खरं होतं, काका कधीमधी बरोबरही असायचे, आणि त्यानेच घात व्हायचा. मग त्यांनीच शोधून काढलं की सहलीला जाणारे लोक गाडीत लहानसा फ्रीज ठेवतात. पेटीसारखा, वरून झाकणाचा, गाडीच्या विजेवरही चालतो आणि घरातल्याही. तो मागवला. "मी स्वतः तुला सोडून येतो," काका म्हणाले. काकूंनी त्याच दिवशी बॅगेचं कव्हर काढलं.

फ्रीज आला. खोक्यातून बाहेर निघाला तो करडा, चकचकीत, दोन्ही बाजूंना खाली जाळ्या. काकूंना वाटलं, लावून बघू. काका म्हणाले, "आधी कव्हर."

काकूंनी माप घेतलं, जुनी निळी रजई कापली आणि दुपारभर बसून झकास कव्हर शिवलं. झाकणासाठी वेगळा पल्ला, हँडलसाठी फटी, आणि जाळ्या होत्या तिथे दुमडलेल्या कडांच्या दोन खिडक्या. जाळीचं शास्त्र काकूंना ठाऊक नव्हतं. वस्तूला जिथे भोक असेल तिथे कव्हरालाही ठेवायचं, एवढी ताईची शिकवण.

काकांनी कव्हर चढवलं आणि वाकून बघितलं. "हे काय? इथे उघडं कसं टाकलंस?"

"तिथे जाळी आहे ना."

"म्हणूनच तर! धूळ जायची ती तिथूनच. आणि थंडावा नाही का बाहेर जाणार? त्याचं असं आहे, रजई कशासाठी असते? ऊब आत धरायला. मग थंडीही आतच धरणार. बंद कर ते."

निळा तुकडा उरला नव्हता. काकूंनी तपकिरी कापडाची दोन ठिगळं लावली, तीही दुहेरी टाक्याने. काकांनी ती ओढून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

मग फ्रीज घरातल्या विजेवर लावला. आकडा चारवर ठेवला. आत पाण्याची बाटली, बाटलीत थर्मामीटर, कारण फ्रीज स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर विश्वास ठेवतील ते काका कसले! संध्याकाळी झाकण उघडलं तर सोळा. रजईखालून कसलीतरी घरघर येत होती, आणि हात लावला तर ठिगळापाशी चांगलंच ऊन लागत होतं.

"बघितलंस? यंत्र जोरात काम करतंय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही सोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पंधरा. आणि इथून काकांचं आयुष्य फुललं. निवृत्तीनंतर इतकी मोठी कारणमीमांसा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून ते फ्रीजपुढे खुर्ची टाकून बसायचे, जसे पूर्वी त्या स्टुलावर बसायचे तसे.

आधी संशय झाकणावर. झाकणाच्या रबराच्या पट्टीत कागदाची चिठ्ठी धरायची, झाकण लावायचं आणि चिठ्ठी ओढायची. सुटली तर पट्टी ढिली. काकांनी चारी बाजूंनी चिठ्ठ्या ओढल्या, सगळ्या फाटल्या, म्हणजे पट्टी उत्तम. मग संशय बाटल्यांवर. जास्त भरलंय म्हणून बाटल्या काढल्या, आत नुसती हवा राहिली म्हणून पुन्हा भरल्या. मग संशय विजेवर. घरातली वीज बारीक आहे, म्हणून फ्रीज उचलून गाडीत नेला, गाडीच्या कव्हराखाली, स्वतःच्या कव्हरासकट, आणि काका शेजारी जाऊन बसले. दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायचे. थंडी कुठे जाते म्हणून तीच थंडी बाहेर सोडायची, असा तो उद्योग. अखेर गाडीची बॅटरीच मान टाकून बसली.

बॅटरी जिवंत करायला क्लचबाई आली. ही शेजारीण. लोकांना गाडी शिकवायची आणि दिवसभर "क्लच! क्लच!" असं खेकसायची, म्हणून क्लचबाई. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होते. माणसांच्या बाबतीतही आपल्या पायाखाली एक ब्रेक असावा असं तिला वाटायचं, विशेषतः काकांच्या बाबतीत.

तारा जोडता जोडता तिने विचारलं, "काय बिघडलंय त्याला?"

"शोध चालू आहे," काका म्हणाले. "आमच्या हिची अक्कल ऐका. म्हणते, कव्हर काढून बघूया का एकदा!" आणि खो खो हसले. हसताना क्लचबाईकडे बघितलं, तीही हसेल म्हणून.

क्लचबाई हसली नाही. "मग बघा की काढून."

"उघड्यावर ठेवायला ती काय बादली आहे?"

कंपनीला फोन लावला तेव्हा तर कहर झाला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, फ्रीजभोवती हवा खेळती आहे ना?"

"बाई, आमच्या खोलीला चार खिडक्या आहेत!"

"बाजूच्या जाळ्या मोकळ्या आहेत का, सर?"

"जाळ्यांवर धुळीचा कण नाही," काका ताठ बसून म्हणाले. "तशी व्यवस्थाच केलेली आहे." मुलीने धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. तिचा तरी काय दोष! माणसाने फ्रीजला रजई पांघरवून वर जाळ्यांना बुचं मारली असतील, हे त्या बिचारीच्या स्वप्नात तरी येईल का?

ताईचे फोन येतच होते. आता वाटाणे निवडता येत नाहीत, बोटांनी चाचपते. मग एकदा म्हणाली, फोनवर कुणाचं नाव आलंय ते दिसत नाही, आवाजावरून ओळखते. "तू कधी निघतेस?" काकू म्हणायच्या, "फ्रीजचं जमलं की लगेच." आणि मागे वळून बघायच्या तर काका गुडघ्यांवर बसून फ्रीजच्या पोटाला कान लावलेले.

"अहो, तिचं ऐकलंत ना?"

"ऐकलं गं. घाईत नेला आणि वाटेत इंजेक्शनं नासली तर? ताईकडे जाऊन तुला पाणी तरी उचलवेल का? तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं."

असं म्हटलं की बायकोने काय बोलायचं सांगा! बॅग भरलेली होती. आठ-पंधरा दिवसांनी त्यांनी आतले कपडे काढून झटकले आणि पुन्हा भरून ठेवले.

मग काकांना पाट सुचला. फरशी तापते, फरशीची ऊब फ्रीजमध्ये चढते, म्हणून फ्रीज लाकडी पाटावर ठेवायचा. मोठ्या थाटात फ्रीज पाटावर बसवला आणि त्या आनंदात चहाचा भरला कप कव्हरावर सांडला. झालं! "डाग पडेल, डाग पडेल," करत त्यांनीच कव्हर ओरबाडून काढलं आणि काकूंच्या हाती दिलं. काकूंनी ते धुऊन गॅलरीत वाळत टाकलं. रजई ती, वाळायला वेळ लागणारच. काका जेवून आडवे झाले.

उठून झाकण उघडतात तो काय, बाटलीतल्या थर्मामीटरवर चार!

"चार!" काकांनी घर डोक्यावर घेतलं. "अगं ये, बघ! चार! पाट! सांगत नव्हतो? फरशी होती चोर!" गल्लीत जो भेटेल त्याला पकडून पाटाची गोष्ट सांगून झाली. क्लचबाईची गाडी अडवून तिच्या समोर, शिकाऊ मुलीच्या समोर सांगून झाली. मुलगी घाबरून गाडी बंद करून बसली.

"मग उद्या निघायचं?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला काकांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"उद्या नाही, पण निघू. एक दिवस नजर ठेवू."

सकाळी कव्हर वाळलं. काकूंनी इस्त्री केली, आणि काकांनी अगदी लाडाने, गुंड्या लावून, ते फ्रीजवर चढवलं. दुपारी झाकण उघडलं. चौदा.

काका बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग पाटाकडे. "लाकूड ओलं असणार," ते पुटपुटले. "त्याचं असं आहे..."

"अहो," काकू म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या. "काल कव्हर वाळत होतं."

"मग?"

"कव्हर नव्हतं तेव्हा चार. घातलं तेव्हा चौदा."

"योगायोग."

काकू पुढे आल्या, गुंड्या सोडल्या, कव्हर काढून सोफ्यावरच्या चादरीवर टाकलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी त्यांनीच झाकण उघडलं. "या, बघा."

काकांनी बघितलं. चार. आता इथे एखादा कपाळावर हात मारून हसला असता, बायकोला म्हणाला असता, चुकलं गं माझं, चल भर गाडी. पण छे!

"पाटाचा परिणाम उशिरा होतोय," काका म्हणाले.

खरं सांगायचं तर काकांना पोटात कुठेतरी कळलं होतं. ठिगळापाशी लागलेलं ऊन हाताला आठवत होतं, आणि जाळ्या बंद कर असं कोण म्हणालं तेही. पण कळणं आणि वळणं ह्यांच्या मध्ये काकांची जाळीची खिडकी होती, आणि त्या खिडकीतून ते आजवर कुणाला काही सहजासहजी देत आले नव्हते. शिवाय एक भीतीही होती. फ्रीज बरा झाला म्हणजे बायको जाणार, आणि गेली की ताईकडे दोन महिने तरी राहणार. दोन महिने ह्या घरात आपण एकटे, झाकलेल्या टीव्हीपुढे, आणि ‘त्याचं असं आहे’ म्हटलं तर ऐकायला कोण? घड्याळ? माणूस दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर बरं झालं असतं, बायकोने कधीच ओळखला असता.

"उद्या निघूया," काकू म्हणाल्या.

"कारण सापडल्याशिवाय?"

"कारण सापडलंय."

"ते कारण नव्हे. मी गाडीची वायर घेऊन उद्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. वायर एकदा तपासून झाली की..."

"परवा सकाळी ताईचा फोन होता," काकू म्हणाल्या. "उठल्यावर तिला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. उजेडावरून." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण काकांनी वायर गुंडाळायची थांबवली. "तुम्ही वायर तपासा. मी उद्या जातेय. क्लचबाई नेते म्हणालीय."

काकांना वाटलं, रागात बोलतेय, सकाळपर्यंत निवळेल. सकाळी अंघोळ करून, भांग पाडून बाहेर येतात तो दारात क्लचबाईची गाडी, वर मोठ्या अक्षरांत ‘शिकाऊ’ अशी पाटी, पुढच्या सीटवर काकू, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला फ्रीज, करडा, चकचकीत, अंगावर सूतभर कापड नाही. काका असे कावरेबावरे झाले की जणू कुणी घरातलं माणूस उघडं बाहेर काढलंय.

ते आत धावले आणि कव्हर घेऊन आले. "अगं, निदान हे तरी! वाटेत धूळ किती असते! ऊन लागेल! त्याचं असं आहे..."

काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला, कव्हर घेतलं, मांडीवर ठेवून नीट चौघडी घातली, तपकिरी ठिगळ वर येईल अशी, आणि काकांच्या हातात परत दिलं. "हे असू दे तुमच्यापाशी. भाजी करून ठेवलीय, गरम तेवढी करा."

"झाकण सारखं उघडू नका!" काका म्हणाले. हे त्यांनी म्हणावं!

"काका, बाजूला व्हा," क्लचबाईने गाडी सुरू केली. "माझ्याकडे ब्रेक दोन आहेत, पण आज एकही दाबायचा मूड नाही."

ते दोन दिवस काकांनी कसे काढले ते काकांनाच ठाऊक. भाजी गरम केली, ती करपली, आणि का करपली हे सांगायला घरात कुणी नव्हतं. गल्लीत निघाले तर लोक पाटाबद्दल विचारायचे. ते घरी येऊन खुर्चीवर बसायचे, समोर मोकळा पाट, आणि मनातल्या मनात तयारी करायचे. फोन येणार. काकू रडवेल्या आवाजात सांगणार, अहो, तापला हो फ्रीज. मग आपण रागावायचं नाही. समजुतीने घ्यायचं. वायरपासून सुरुवात करायची. आपण असं काही व्हावं म्हणून वाट बघतोय, हे ध्यानात आलं तेव्हा मात्र काका खुर्चीतून उठले आणि उगीचच घरभर फिरून आले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला.

"पोचलो," काकू म्हणाल्या.

"फ्रीज? किती आहे?"

"चार. वाटेतही चारच होता. कडक ऊन होतं, तरी चार. इंजेक्शनं आता ताईच्या फ्रीजमध्ये ठेवलीत."

"बरं. बरं झालं." काकांना आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि नेमकं तेच सुचत नव्हतं. कव्हर मांडीवरच होतं. "आणि... ताई?"



"दारात उभी होती. क्लचबाईच्या गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली. मी पायरीपाशी जाऊन उभी राहिले. ती हसली हो, इतकी गोड हसली. पण माझ्याकडे नाही. माझ्या जरा डावीकडे, रिकाम्या जागेकडे बघून हसली."

काकांचा हात मांडीवरच्या कव्हरावरून फिरत होता.

"मग हात पुढे करत आली आणि माझं तोंड चाचपलं. म्हणाली, छोटे, वाळलीस गं. गेल्या आठवड्यापर्यंत थोडं थोडं दिसत होतं म्हणे. शेजारच्यांचे चेहरे ओळखत होती." काकूंनी नाक ओढलं. "गेल्या आठवड्यात आपण फ्रीजला कान लावून बसलो होतो."

"त्याचं असं आहे..." काका म्हणाले. तोंडातून ते आपोआप आलं, शिंक यावी तसं. पुढचं वाक्य नेहमी तिथे तयार असायचं, आज नव्हतं. वायर नव्हती, फरशी नव्हती, ओलं लाकूड नव्हतं. बोटाखाली तपकिरी ठिगळाचे दुहेरी टाके तेवढे लागत होते.

काकूंनी फोन ठेवला नाही. जन्मभर ऐकत आल्या तशा आत्ताही वाट बघत थांबल्या.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "ऐकतेय मी. कसं आहे त्याचं?"